शेगडी, सिगडी आणि अंगीठी : ग्वाल्हेरला नव्याने येणाऱ्यांसाठी

ग्वाल्हेरला बदलीवर, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन येणाऱ्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात काही शब्द नव्याने शिकावे लागतात. त्यांत ‘शेगडी’ हा एक आहे, आणि गंमत अशी की तो त्याला आधीपासून येत असतो. पुण्यात किंवा ठाण्यात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे हा शब्द ऐकताच ओट्यावरची, नळीने सिलिंडरला जोडलेली, दोन किंवा तीन बर्नरची वस्तू उभी राहते. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातील जुन्या मराठी घरात मात्र ‘शेगडी’ किंवा ‘सिगडी’ म्हटले की पत्र्याची किंवा लोखंडाची, खाली झरोका आणि मध्ये जाळी असलेली, निखाऱ्यांनी भरलेली आणि कड्यांना धरून हलवता येणारी वस्तू समजली जाते. गॅसच्या शेगडीला येथील मराठी माणसे नुसते ‘गॅस’ म्हणतात आणि बाजारातील हिंदीत तिला ‘गैस चूल्हा’ म्हणतात.

आमच्या नात्यातील एक नवी सून काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात येथे आली आणि स्वयंपाकघर लावण्यासाठी एकटीच बाजारात गेली. तिने दुकानदाराला ‘भैया, एक अच्छी शेगडी चाहिए’ असे सांगितले. त्याने ‘सिगड़ी? छोटी कि बड़ी?’ असे विचारले. तिने ‘मोठी’ म्हणून सांगितल्यावर त्याने तिच्यापुढे मातीने लिंपलेली, बादलीच्या आकाराची, चार-पाच किलो वजनाची सिगडी आणून ठेवली. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. नव्याने येणाऱ्याने पुढचे सर्व काही वाचण्याआधी एवढे लक्षात ठेवावे, की येथे या शब्दाबरोबर इंधनाचे नाव जोडल्याशिवाय तो दुकानात वापरू नये.

आधी शब्द ओळखून घ्यावा

या शब्दाचे मूळ ठाऊक असले, तर त्याचे आजचे निरनिराळे अर्थ एकमेकांशी भांडत नाहीत. संस्कृतात ‘शकट’ म्हणजे गाडा आणि ‘शकटी’ म्हणजे लहान गाडी. निखारे ठेवण्याच्या पात्राला अमरकोशात जी नावे दिली आहेत, त्यांत ‘अंगारधानिका’ आणि ‘अंगारशकटी’ ही दोन आहेत. अंगारशकटी म्हणजे अंगारांची, अर्थात निखाऱ्यांची, छोटी गाडी. यातील ‘शकटी’पासून गुजरातीत ‘सगडी’, हिंदीत ‘सिगड़ी’ आणि मराठीत ‘शेगडी’ झाली. त्याच ठिकाणी ‘हसंती’ असेही एक नाव आहे. राख झटकल्यावर निखारे जसे उजळतात, ते पाहून कोणाला तरी हसू आठवले असावे. हे नाव मराठीत टिकले नाही याची मला खंत वाटते.

‘शेगडी’ हा शब्द ‘शेक’ किंवा ‘शेकणे’ यापासून आला, असे अनेक जण सांगतात. ऐकायला ते पटते, परंतु शेजारच्या भाषांतील ‘सगडी’ आणि ‘सिगड़ी’ ही रूपे पाहिली, की ‘शकटी’कडेच बोट दाखवावे लागते. शेगडीचे खरे लक्षण ऊब देणे हे नसून, विस्तव एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येणे हे आहे. चूल जमिनीत किंवा ओट्यावर रोवलेली असते आणि शेगडी उचलता येते. कोळसा गेला आणि त्याच्या जागी गॅस आला तरी शब्द टिकला, याचे कारणही मला हेच दिसते. शब्द इंधनाला चिकटलेला नव्हता. तो सुट्या, हलवता येणाऱ्या साधनाला चिकटलेला होता. म्हणून विजेच्या तारेची शेगडी आली, रॉकेलच्या वातींची शेगडी आली, इंडक्शनची शेगडी आली, आणि तरीही कोणालाच नाव बदलण्याची गरज वाटली नाही. ज्यांचे बालपण साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे आहे, त्यांना भुशाची शेगडीही आठवेल. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची आणि त्या पोकळीत खालून विस्तव द्यायचा.

ऐकणाऱ्याने अर्थ कसा ओळखावा, याची एक सोपी खूण आहे, आणि ती नामात नसून क्रियापदात आहे. कोळशाची शेगडी भरतात, पेटवतात, तिला वारा घालतात, ती फुलते, तिच्यावर राख धरते आणि ती विझते. गॅसची शेगडी लावतात, बारीक करतात, मोठी करतात आणि बंद करतात. विजेची शेगडी केवळ चालू आणि बंद होते. एखाद्या आजीबाईंनी ‘शेगडी फुलली का गं?’ असे विचारले, तर त्या गॅसविषयी बोलत नाहीत हे निश्चित समजावे.

हिंदी भाषक शेजाऱ्यांकडून ‘अंगीठी’ हा शब्द अधिक ऐकू येईल. तो संस्कृत ‘अग्निष्ठिका’ या शब्दापासून आलेला आहे आणि मराठीतील ‘आगटी’ ही त्याच कुळातील आहे. मात्र आगटी म्हणजे बहुधा शेकण्यासाठी जमिनीवर किंवा खड्ड्यात केलेला विस्तव. ग्वाल्हेरच्या बोलण्यात सिगडी आणि अंगीठी यांत काटेकोर भेद राहिलेला नाही. लाकडे पेटवून रस्त्याच्या कडेला शेकतात त्याला ‘अलाव’ म्हणतात आणि घमेल्यात निखारे घेऊन बसतात तेव्हा ‘तसला’ म्हणतात. हॉटेलच्या यादीत ‘सिगडी’ दिसली, तर ते निखाऱ्यावर भाजलेल्या पदार्थाचे नाव समजावे. तेथे ऊब मागू नये.

जवळच्या काही शब्दांची गल्लत टाळावी. ‘बंब’ म्हणजे आंघोळीचे पाणी तापवण्याचे तांब्याचे भांडे. त्याच्या मधल्या नळीत कोळसा किंवा लाकूड जळते आणि भोवती पाणी असते. ‘भट्टी’ ही हलवायाची किंवा लोहाराची असते आणि ती जागची हलत नाही. सोनाराच्या शेगडीला मराठीत ‘बागेसरी’ असा स्वतंत्र शब्द आहे. नरहरी सोनारांच्या अभंगात देहाला बागेसरी म्हटले आहे, आणि तो शब्द अडला म्हणजे अभंगच अडतो. काश्मीरची कांगडी ही वेताच्या टोपलीत बसवलेले मातीचे भांडे असते, आणि थंड पहाडी मुलखातील बुखारी ही धुरांडे असलेली लोखंडी शेगडी असते. बुखारीचे हे धुरांडे पुढे पुन्हा आठवावे लागणार आहे.

कोणती घ्यावी

ग्वाल्हेरमध्ये डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत कडाक्याची थंडी असते. धुके असले तर दुपारपर्यंत ऊन दिसत नाही आणि रात्रीचे तापमान अनेकदा पाच अंशांच्या खाली जाते. या थंडीसाठी कोळशाची शेगडी घ्यावी का, या प्रश्नाचे उत्तर आपण कोणत्या घरात राहतो यावर अवलंबून आहे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास वसत गेलेल्या लष्कर भागात जे जुने वाडे आहेत, त्यांना मध्ये उघडा चौक आणि भोवती ओसरी असते. तेथे शेगडी चौकात पेटते, ओसरीवर फुलते आणि माणसे तिच्याभोवती बसतात. धूर आणि वायू वरच्या आकाशात निघून जातात. आपण जर बंद खिडक्यांच्या सदनिकेत राहत असाल आणि आपल्याला मोकळी गच्ची किंवा अंगण नसेल, तर माझे स्पष्ट मत असे आहे की कोळशाची शेगडी विकत घेऊच नये. विजेचा हीटर घ्यावा आणि एक जास्तीची रजई भरून घ्यावी.

मोकळी जागा असेल, तर दोन प्रकारांतून निवड करावी. पहिला प्रकार बादलीच्या शेगडीचा. यात पत्र्याच्या बादलीला खाली चौकोनी झरोका कापलेला असतो, मध्यावर लोखंडी सळयांची जाळी बसवलेली असते आणि आतून मातीचा जाड लेप दिलेला असतो. तो लेप पत्र्याला जळण्यापासून वाचवतो आणि उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे कमी कोळशात ती अधिक वेळ तापते. दुसरा प्रकार बिडाच्या किंवा जाड लोखंडी पत्र्याच्या शेगडीचा. ती लवकर तापते, लवकर निवते आणि कित्येक वर्षे टिकते. लोहिया बाजाराच्या बाजूला किंवा रस्त्याच्या कडेला गाड्यांचा तळ टाकून बसणाऱ्या गाडिया लोहारांकडे लोखंडी चिमटा, झारा आणि सळया चांगल्या मिळतात.

घेताना झरोका पुरेसा मोठा आहे का, जाळीच्या सळया मोकळ्या आहेत का, तीनही पाय जमिनीला टेकतात का आणि कड्या शेगडीपासून दूर उभ्या राहतात का, हे पाहावे. कडी अंगाला चिकटलेली असली, तर तापलेली शेगडी उचलता येत नाही. मातीचा लेप ओला असल्यास तो चार-सहा दिवस सावलीत वाळू द्यावा आणि पहिला जाळ अगदी लहान करावा. अन्यथा आतील ओलाव्याची वाफ होऊन लेपाला भेगा पडतात.

एक चूक मात्र हौशी माणसे वरचेवर करतात. घरातील चकचकीत, जस्ताचा मुलामा दिलेली बादली घेऊन तिला भोके पाडतात आणि तीच शेगडी म्हणून वापरतात. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. वारा घातलेले निखारे त्याहून अधिक तापू शकतात. त्यातून निघणारा पांढरा धूर श्वासात गेला, तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. मुलामा नसलेला काळा पत्रा किंवा मातीचा पुरता लेप असलेली बादली हीच योग्य.

कोळसा

‘कोयला’ म्हणून मागितल्यास दुकानदार दोन वेगळ्या वस्तू देऊ शकतो, म्हणून येथेही नाव पूर्ण सांगावे. लाकडी कोळसा, ज्याला मराठीत लोणारी कोळसा म्हणतात, तो हलका असतो, हातात काळा रंग सोडतो आणि आपटल्यास खणखणतो. दगडी कोळसा खाणीतून येतो, जड असतो आणि पेटताना गंधकाचा उग्र वास व पिवळट धूर सोडतो. घरासाठी लाकडी कोळसाच घ्यावा. दगडी कोळसा पेटायला कठीण जातो, त्याच्या धुराने भिंती काळ्या होतात आणि त्यावर भाजलेल्या वांग्याला जो वास लागतो तो मसाल्यानेही जात नाही. कोळशाची भुकटी मातीत किंवा शेणात कालवून वाळवलेले गोळेही मिळतात. ते स्वस्त असतात आणि मंद जळतात, परंतु त्यांची राख फार होते.

चांगल्या, कोरड्या लाकडी कोळशाच्या एका किलोतून सुमारे सात हजार किलोकॅलरी उष्णता मिळते, म्हणजे वाळलेल्या लाकडाच्या जवळजवळ दुप्पट. ओला कोळसा ही उष्णता आपल्यातले पाणी उडवण्यात घालवतो आणि पेटताना तडतडून ठिणग्या उडवतो. म्हणून पोते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे.

पेटवणे

शेगडी नेहमी उघड्यावर पेटवावी आणि तिचा झरोका वाऱ्याच्या दिशेला करावा. जाळीवर आधी कागदाचे बोळे आणि लाकडाच्या बारीक ढलप्या ठेवाव्यात, त्यावर गोवरीचा एक तुकडा आणि त्यावर लहान कोळसे रचावेत. मोठे कोळसे सर्वांत वर येतील. कोळसे दाबून भरू नयेत, कारण खालून आलेली हवा त्यांच्या फटींतून वर जाते आणि याच ओढीवर सगळे काम चालते. आग खालून, झरोक्यातून द्यावी. वरून रॉकेल ओतणे हा घाईचा आणि धोक्याचा उपाय आहे. विशेषतः अर्धवट पेटलेल्या शेगडीत रॉकेल ओतल्यास ज्वाळा थेट हातावर येते.

ढलप्या जळत असताना वारा घालू नये, त्या नुसत्या विझतात. कोळशांच्या कडा लाल दिसू लागल्या की पंख्याने किंवा पुठ्ठ्याने झरोक्यासमोर सावकाश वारा घालावा. फुंकणी एका जागी नेमकी हवा देण्यासाठी असते. सबंध शेगडी फुंकणीने पेटवायला गेल्यास कोळसा राहतो बाजूला आणि माणसालाच घेरी येते. वीस-पंचवीस मिनिटांत कोळसे आतून लाल आणि वरून राखाडी दिसू लागतात. याला शेगडी फुलली असे म्हणतात.

पूर्वी शेगडी पेटवण्याची सर्वांत सोपी रीत ही नव्हतीच. शेजारच्या घरी जाऊन झाऱ्यावर चार निखारे आणायचे आणि आपल्या कोळशांत ठेवायचे, एवढेच करावे लागे. ज्यांच्यात टोकाचे वैर असे, त्या घरांतून विस्तवही आणला जात नसे. ‘त्यांच्यातून विस्तव जात नाही’ हा वाक्प्रचार आपण आज गॅसच्या लायटरच्या काळातही बिनदिक्कत वापरतो.

स्वयंपाक

शेगडीवरील स्वयंपाकाला फारसे शिकवावे लागत नाही. जाळ कमी करायचा असेल तर झरोका विटेच्या तुकड्याने अर्धा झाकावा किंवा निखाऱ्यांवर राख पसरावी. वाढवायचा असेल तर राख झटकून झरोका उघडावा. वांगी, पापड, मक्याची कणसे आणि फुलके यांना फुललेले, धूर नसलेले निखारे हवेत. डाळ शिजवणे, दूध आटवणे यांना राखेखालचा मंद विस्तव चांगला. गरम राखेत, म्हणजे फुफाट्यात, रताळी पुरून ठेवली तर अर्ध्या-पाऊण तासात ती गोड भाजून निघतात. ‘आगीतून फुफाट्यात’ या म्हणीतील फुफाटा तो हाच. वरून निवलेला दिसतो आणि पाय पडला की आतून भाजतो. एखाद्या निखाऱ्यावर तूप सोडून डाळीला किंवा भरताला त्याचा वास देतात, त्याला येथे ‘धुंगार देना’ म्हणतात. तो द्यायला शेगडीच पाहिजे असे नाही, एक निखारा आणि एक वाटी पुरते.

ऊब घेणे, आणि बंद खोलीची गोष्ट

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि तो घाईने वाचू नये. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत सिगडी किंवा अंगीठी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या येतात. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्याला ही बातमी परकी वाटते, कारण त्याच्या शेगडीला तो कधी अंथरुणाशेजारी घेऊन झोपलेला नसतो.

कोळसा म्हणजे मुख्यतः कार्बन. त्याला भरपूर हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. शेगडीच्या खालच्या थरात हवा मुबलक असते, परंतु वरच्या तापलेल्या कोळशांतून जाताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइडही पुन्हा मोनॉक्साइड होतो. भरलेल्या शेगडीच्या वर कधी कधी निळी, लवलवती ज्योत दिसते, ती हाच वायू बाहेरच्या हवेत जळत असल्याची खूण असते. ज्योत दिसत नाही तेव्हा तो न जळता खोलीत पसरत असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते, त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण थोडे असले तरी रक्त हळूहळू त्यानेच भरत जाते आणि प्राणवायूला जागा राहत नाही.

येथील बहुतेक अपघातांच्या मागे एक ठाम समजूत असते, की धूर गेला म्हणजे शेगडी आत आणायला हरकत नाही. ही समजूत पूर्णपणे चुकीची आहे. धूर हा अर्धवट जळलेल्या लाकडाचा आणि ओलाव्याचा असतो. तो थांबल्यावर, म्हणजे नेमकी शेगडी सुंदर फुललेली असताना, मोनॉक्साइडची निर्मिती जोरात चाललेली असते. आपल्याला ज्याचा त्रास होतो तो धूर निघून जातो, आणि ज्याचा त्रास जाणवत नाही तो वायू मागे राहतो. राख धरलेली, विझत आलेली शेगडीही याला अपवाद नाही. बुखारीला धुरांडे का असते, हे यावरून समजते. आपल्या शेगडीला ते नसते, म्हणून तिची जागा घराबाहेर आहे.

म्हणून शेगडीभोवती बसायचे ते अंगणात, गच्चीवर, उघड्या ओसरीवर किंवा चौकात. संध्याकाळी आवारात, चार शेजाऱ्यांबरोबर, अंगावर शाल घेऊन तासभर बसावे आणि उठताना शेगडी तेथेच ठेवावी. खोली गरम करण्यासाठी ती आत नेऊन थोड्या वेळाने बाहेर काढतो, असे सांगणारे अनेक भेटतील. त्यांचा हिशेब जागे राहण्यावर उभा असतो, आणि या वायूचे पहिले काम गुंगी आणणे हेच आहे. खिडकी थोडी उघडी ठेवली म्हणजे भागते, यावरही मी विसंबणार नाही. मध्यरात्री गार वारा लागला की घरातील कोणी तरी उठून ती लावून घेतेच.

डोके जड होणे किंवा ठणकणे, मळमळ, घेरी, पायांतील बळ जाणे आणि विनाकारण झोप येणे ही लक्षणे आहेत. ताप नसताना एकाच खोलीतील दोन-तीन माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर सर्दी-पडशाचा विचार करू नये. ताबडतोब दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागवावी. बेशुद्ध माणसाला बाहेर काढायला जाणाऱ्याने आधी मोकळ्या हवेत दीर्घ श्वास घ्यावा आणि आत क्षणभरही रेंगाळू नये. रुग्णालयात पोहोचल्यावर ‘खोलीत कोळशाची शेगडी होती’ हे वाक्य सर्वांत आधी सांगावे. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्ताला प्राणवायूने भरलेले रक्त समजते आणि आकडा चांगला दाखवते, म्हणून त्या आकड्यावर निर्धास्त होऊन घरी थांबू नये. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास तेच काम साधारण तास-दीड तासात होते.

बाळंतिणीची शेगडी

मराठी घरांत शेगडीचा आणखी एक उपयोग आहे आणि ‘शेकशेगडी’ हा जोडशब्द त्यातूनच आला आहे. बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर बाजेखाली किंवा बाजेशेजारी शेगडी ठेवून शेक देतात आणि बाळाला ओवा, धूप, बाळंतशेपा, लसणीच्या साली यांची धुरी देतात. येथील मराठी घरांत थंडीच्या दिवसांत आलेले बाळंतपण म्हणजे कोळशाचे एक पोते जास्तीचे, असा हिशेब पूर्वी असे. ज्या वाड्यात ही चाल रुळली, त्या वाड्यातील बाळंतिणीची खोली चौकाकडे उघडी असे, पत्र्याच्या किंवा कौलांच्या फटींतून वारा येत असे आणि एखादी सुईण किंवा आत्या रात्रभर जागी असे. आज खिडक्यांना काच आणि रबरी पट्टी आहे आणि बाळंतिणीजवळ जागणारी माणसे कमी झाली आहेत. नवजात बाळाच्या नाजूक फुप्फुसांना धूरही सोसत नाही आणि मोनॉक्साइड तर नाहीच. माझ्या आईने माझ्या बहिणीसाठी शेगडी ओसरीवरच ठेवली, तिच्यावर जाड फडकी तापवली आणि ती घडी करून खोलीत नेली. शेक मिळाला, ओव्याचा वासही फडक्याला लागला, आणि निखारा उंबरठ्याच्या आत आला नाही. सासरच्या किंवा माहेरच्या वडीलधाऱ्यांशी वाद न घालता ही रीत सुचवता येते. गरम पाण्याच्या पिशवीपेक्षा ती त्यांना लवकर पटते.

दृष्ट काढण्यासाठी मीठ, मोहरी आणि मिरच्या शेगडीत टाकतात, तेही अंगणातच करावे. मिरचीचा ठसका बंद खोलीत चांगल्या माणसालाही सोसत नाही.

विझवणे आणि ठेवणे

तापलेल्या शेगडीवर पाणी ओतू नये. बीड तडकते, मातीचा लेप सुटतो आणि गरम वाफ तोंडावर येते. निखारे चिमट्याने उचलून झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकावेत आणि झाकण घट्ट लावावे. हवा तुटली की ते विझतात आणि दुसऱ्या दिवशी तोच कोळसा पहिल्यापेक्षा लवकर पेटतो. हा डबाही रात्रभर बाहेरच ठेवावा. जाळीवर उरलेले चूर्ण राखेने किंवा वाळूने झाकावे.

राख थंड दिसली तरी तिच्या पोटात दुसऱ्या दिवसापर्यंत विस्तव राहू शकतो. ती प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्यामुळे आमच्या गल्लीत एकदा डबा वितळला आणि शेजारची सायकल होरपळली होती. राख एक दिवस उघड्या घमेल्यात ठेवावी, हात घालून पाहावी, मग भांडी घासण्यासाठी किंवा गुलाबाच्या बुडाशी घालण्यासाठी वापरावी.

होळी झाली की शेगडीचे काम संपते. जाळीच्या सळया काढून घासाव्यात, लेपाला भेगा असतील तर चिकणमातीत भुसा कालवून त्या बुजवाव्यात, लोखंडाला गोडे तेल पुसावे आणि पावसाच्या आधी शेगडी माळ्यावर पालथी ठेवावी. सरळ ठेवली, तर श्रावणात कणसे भाजायला ती खाली काढाल तेव्हा तळाशी साठलेल्या ओलसर राखेने पत्रा खाल्लेला असेल.